कुलाबा स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या बंद पडलेल्या स्टेशनांबद्दल बोललं, लिहिलं की सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते कुलाब्याचे. चर्चगेटच्या पुढे गाडी जात होती हेच अनेकांना खरं वाटत नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा गुंत्याचे. ज्याचं उत्तर आधीच आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कुलाब्याला खरंच रेल्वे स्टेशन होतं का?

होतं, आणि ते एखादा थांबा नव्हता. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुनी माणसं जिला ‘बीबीसीआय’ म्हणायची आणि आज जिची पश्चिम रेल्वे झाली आहे, तिचं ते मुंबईतलं शेवटचं स्टेशन. लोकल तिथे संपायच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही तिथूनच सुटायच्या. जवळपास सहा दशकं पश्चिमेच्या रेल्वेचं दक्षिण टोक कुलाबा होतं, चर्चगेट नव्हे.

२. ते नेमकं कुठे होतं? आज तिथे काय आहे?

आजच्या बधवार पार्कच्या जागेवर. बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, कफ परेडच्या तोंडाशी, मच्छीमार वसाहतीला लागून. २६/११ च्या रात्री दहशतवादी ज्या किनाऱ्यावर उतरले तो हाच भाग, त्यामुळे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. इतक्या महागड्या वस्तीत रेल्वेची एवढी मोठी जागा कशी, असं तिथून जाताना वाटतं. कारण स्टेशन. रूळ गेले, फलाट गेले, पण जमिनीचा हा तुकडा रेल्वेकडेच राहिला.

३. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत गाडी जायची कुठून? मधे तर सगळ्या इमारती आहेत.

चर्चगेटला लोकलमधून उतरल्यावर बाहेर पडायची घाई न करता एकदा फलाटाच्या दक्षिण टोकाला, बफरपाशी उभे राहा. रूळ वळत नाहीत, वाकत नाहीत, सरळ येतात आणि थांबतात. नजर त्याच रेषेत पुढे न्या. बाहेर वीर नरिमन रोड आहे आणि पलीकडे इरॉस. इरॉस थिएटर १९३८ मधलं, म्हणजे रूळ निघून गेल्यानंतरचं.

गाडी हा रस्ता ओलांडून ओव्हल मैदानाच्या पश्चिम अंगाने, मग कूपरेजच्या बाजूने दक्षिणेला जायची. तेव्हा ओव्हलच्या पश्चिमेला आज दिसणारी आर्ट डेको इमारतींची रांग नव्हती. उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, जुनं सचिवालय या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, कारण समोर समुद्र होता. त्या इमारती आणि समुद्र यांच्या मधून रेल्वे जात होती. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातली पश्चिमेची रांग उभी राहायला आधी रेल्वेला तिथून उठावं लागलं, हे मात्र वारसा-फेऱ्यांमध्ये क्वचितच सांगतात.

४. शहराच्या अगदी टोकाला, कुलाब्यात स्टेशन काढायचं कारण काय?

कापूस. हे एक उत्तर नीट समजलं तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुलाबा मूळचं बेट. १८३८ मध्ये कॉजवे पुरा झाला आणि ते शहराला जोडलं गेलं. त्याआधी कापसाचा बाजार कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, टाउन हॉलसमोरच्या ‘बॉम्बे ग्रीन’वर भरायचा. तिथे आज हॉर्निमन सर्कल आहे. भर वस्तीत गाठींचे ढीग आणि आगीची कायमची धास्ती. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. गुजरातचा कापूस गलबतांनी थेट कुलाब्याच्या बंदरांवर उतरवता यायचा, तिथेच वखारी, तिथेच गाठी दाबायचे प्रेस आणि तिथूनच तो विलायतेच्या जहाजांवर चढायचा. व्यापारी गाठीला भोक पाडून मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून ताणायचा आणि तंतू किती लांब, किती चिवट हे पाहून भाव बोलायचा. लाखोंचा व्यवहार त्या चिमटीवर ठरायचा.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नेमक्या त्याच काळात बीबीसीआयचे रूळ भरूच-सुरतेच्या कापूसपट्ट्यातून मुंबईकडे सरकत होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते ग्रँट रोडला पोचले. पण माल ग्रँट रोडला उतरवून बैलगाड्यांनी कुलाब्याला न्यायचा, तर रेल्वेचा उपयोग अर्धाच. शहराच्या पूर्व बाजूला जीआयपी रेल्वे, म्हणजे आजची मध्य रेल्वे, आधीच बसली होती. म्हणून बीबीसीआयने पश्चिम किनारा धरून थेट कापसाच्या दारात जायचं ठरवलं.

तेव्हा त्या भागात नोकरदार वस्ती फारशी नव्हती. लष्कराची छावणी होती, कोळीवाडा होता आणि वखारी होत्या. प्रवासी मागाहून आले.

५. स्टेशन कधी सुरू झालं? कुठे १८७३ लिहिलंय, कुठे १८९६.

दोन्ही सालं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. रूळ एका दमात कुलाब्याला पोचले नाहीत. १८६४ मध्ये ग्रँट रोड. मग बॅकबे, म्हणजे शहराच्या पश्चिमेच्या उपसागराकाठचं स्टेशन; १२ एप्रिल १८६७ ला विरारहून निघालेली पहिली लोकल बॅकबेपर्यंत आली. १८७० मध्ये चर्चगेट आणि १८७३ मध्ये कुलाबा. १८९६ हे कुलाब्याच्या नव्या, मोठ्या इमारतीचं साल आहे. जुन्या फोटोत जी भारदस्त इमारत दिसते ती ही.

६. समुद्राच्या काठाने रूळ टाकायला जागा कुठून आली?

भरावातून. १८६० च्या दशकात बॅकबेचा किनारा भरून काढायला एक कंपनी निघाली. रेल्वेसाठी किनाऱ्याची पट्टी मिळवणं हा त्यामागचा एक हेतू होता. पण कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरचं जे वेड चढलं, त्यात ही कंपनीही वर चढली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाकीच्यांबरोबर बुडाली. त्या सट्ट्यातलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्याच देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. टॉवरवरून खाली पाहिलं की समोर बीबीसीआयचे रूळ दिसायचे. एकाच तेजीच्या या दोन खुणा. त्यातली एक आज उभी आहे.

७. कुलाब्याहून कुठल्या गाड्या सुटायच्या?

विरारकडच्या लोकल, आणि गुजरात, दिल्ली, उत्तरेकडच्या मेल गाड्या. सगळ्यात नावाजलेली फ्रंटियर मेल. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली ही गाडी दिल्ली, लाहोरवरून पेशावरला जायची. विलायतेची बोट येण्याच्या हंगामात ती बॅलार्ड पियरवरून सुटायची (त्याबद्दल प्रश्न १५ पाहा), एरवी कुलाब्याहून. आज हीच गाडी गोल्डन टेंपल मेल या नावाने मुंबई सेंट्रल ते अमृतसर धावते.

८. विजेवरची लोकल कुलाब्यापर्यंत गेली होती का, की तिथे फक्त वाफेची इंजिनं होती?

गेली होती. ५ जानेवारी १९२८ ला बीबीसीआयची पहिली विजेची लोकल सुरू झाली ती कुलाबा ते बोरिवली. ही तारीख लक्षात ठेवा. तारा ओढल्या, खांब रोवले, नवे डबे आणले, आणि तीन वर्षं भरायच्या आत स्टेशन बंद. ‘कुलाब्याला प्रवासीच नव्हते म्हणून स्टेशन बंद केलं’ असं कुणी सांगितलं की मी ही तारीख पुढे करतो. ओस पडलेल्या मार्गावर कोणी एवढा खर्च करत नाही.

९. मग चांगलं चाललेलं स्टेशन बंद का केलं?

जमिनीसाठी.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची चणचण भयंकर झाली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खातं काढलं आणि बॅकबेचा समुद्र भरायची प्रचंड योजना हाती घेतली. मूळ आखणी १,१४५ एकरांची. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला शहर, पश्चिमेला समुद्रातून वर येणारी नवी जमीन आणि दोघांच्या बरोबर मधे, चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत, रेल्वेचे रूळ. जोवर पलीकडे समुद्र होता तोवर रूळ कोणाच्या वाटेत नव्हते. पलीकडे विकायला भूखंड आल्यावर तेच रूळ अडसर झाले. नव्या वस्तीत जायचं तर दर थोड्या अंतरावर फाटक. रेल्वेच्या पट्टीची जमीनसुद्धा सोन्याच्या मोलाची. शेवटी चर्चगेटच्या दक्षिणेची रेल्वे उखडायचं ठरलं.

दुसरं कारण आतलं. ज्याच्यासाठी स्टेशन इथे आलं, तो कापूस १९२० च्या दशकात कुलाब्यातून निघून गेला (प्रश्न १३). मालाचं ओझं सरल्यावर रेल्वेला कुलाब्यातच राहण्याची निकड उरली नाही. तरी माझ्या मते क्रम विसरू नये. कापूस गेल्यामुळे स्टेशन हलवणं सोपं झालं. ते हलवायचं कारण जमीन हेच.

आजही मुंबईत बंद गिरणी, जुनं गोदाम, बंदराची रिकामी जागा यांच्याबद्दल बोलताना ‘उपयोग संपला’ हा शब्दप्रयोग फार सहज येतो. कुलाब्याचा उपयोग संपलेला नव्हता. त्याच्या खालच्या जमिनीचा भाव वाढला होता.

१०. बॅकबेचा घोटाळा म्हणतात तो हाच का?

योजना तीच. भराव घालायला समुद्रतळाचा गाळ उपसायचा होता. तो अपेक्षेइतका निघेना आणि टाकलेला बांधाच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा कारभार उघड्यावर आणला. योजनेतल्या एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. ‘वीर नरिमन’ ही ओळख त्या काळातली. चर्चगेटसमोरचा रस्ता आणि नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचे. योजना आवरती घ्यावी लागली आणि आखलेल्या क्षेत्राच्या निम्म्याहून कमी जमीन वर आली.

म्हणजे ज्या योजनेसाठी स्टेशनचा बळी गेला, ती स्वतः अर्धवट राहिली. रेल्वेची पट्टी मात्र गेली ती गेलीच.

११. शेवटची गाडी कधी सुटली?

३१ डिसेंबर १९३० ला. नव्या वर्षात, १९३१ मध्ये, चर्चगेट शेवटचं स्टेशन झालं.

१२. मुंबई सेंट्रल कुलाब्याच्या बदली बांधलं का? आणि चर्चगेट?

हो, लांबच्या गाड्यांपुरतं. कुलाब्याची दोन कामं होती, ती दोन ठिकाणी वाटली. मेल गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधलं. वास्तुरचनाकार क्लॉड बॅटली, बांधकाम २१ महिन्यांत पुरं आणि उद्घाटन १८ डिसेंबर १९३० ला गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते. म्हणजे कुलाबा बंद व्हायच्या तेरा दिवस आधी. शेजारच्या लोकल स्टेशनचं जुनं नाव बेलासिस रोड, तेही मुंबई सेंट्रल झालं.

लोकलचं टोक आलं चर्चगेटकडे. त्यापूर्वी चर्चगेट मधलं स्टेशन होतं, चर्नी रोड किंवा मरीन लाइन्ससारखं. गाडी थांबायची आणि पुढे जायची. गॉथिक धाटणीची दगडी इमारत चर्चगेटसमोर दिसते, ती बीबीसीआयचं मुख्यालय म्हणून १८९९ मध्ये पुरी झाली. फ्रेडरिक स्टीव्हन्सनी ती आखली. तिलाही पुष्कळ जण जुनं चर्चगेट स्टेशन समजतात. ती कचेरीच होती आणि आजही पश्चिम रेल्वेची कचेरीच आहे.

१३. कॉटन ग्रीन स्टेशन हार्बर लाइनवर आहे. मग कापूस कुलाब्यात कसा?

बाजार तीनदा बसला. आधी बॉम्बे ग्रीन, मग १८४४ पासून कुलाबा आणि १९२० च्या दशकात शिवडीकडे, पोर्ट ट्रस्टने भरून काढलेल्या जमिनीवर. बाजार हलला तसं ‘ग्रीन’ हे नावही बरोबर गेलं आणि शेवटी स्टेशनला चिकटून राहिलं. शिवडीची जागा गोदीला जवळ, गिरणगावाला जवळ आणि रेल्वेला सलग. लालबाग-परळच्या गिरण्यांना कुलाब्याहून गाठी आणण्यापेक्षा ते केव्हाही सोयीचं. आज तिथेही कापसाचा गजबजाट उरलेला नाही.

१४. स्टेशन गेल्यावर कुलाब्याच्या लोकांचे हाल झाले असतील ना?

कुलाबा तुटलं नाही. मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम कुलाब्याहून धावत होत्या, १९०७ मध्ये त्या विजेवर आल्या. मुंबईची पहिली मोटारबसही १५ जुलै १९२६ ला कुलाब्यातूनच निघाली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. त्यामुळे चर्चगेटला उतरायचं आणि पुढे ट्राम किंवा बस, ही सवय लागली, ती आजतागायत आहे. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. बसची रांग आणि शेअर टॅक्सी अजून चालू आहेत. उपनगरातून कफ परेडला कामाला जाणाऱ्या माणसाचा चर्चगेटनंतरचा हा जो टप्पा आहे, तो १ जानेवारी १९३१ पासूनचा आहे.

१५. बॅलार्ड पियर स्टेशन म्हणजेच कुलाबा स्टेशन का?

नाही. बॅलार्ड पियरचं स्टेशन पूर्वेला, गोदीत. १९१५ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेवर ते होतं. विलायतेहून बोट लागली की साहेबलोक आणि टपाल उतरून समोरच उभ्या असलेल्या गाडीत चढायचं. नेहमीच्या प्रवाशांशी त्याचा संबंध नव्हता. १९४० च्या दशकात तिथली प्रवासी वाहतूक संपली. फ्रंटियर मेलमुळे ही दोन नावं एकत्र येतात, म्हणून गल्लत होते.

१६. आमच्या घरी ‘कुलाबा’ म्हणजे अलिबाग. हे तेच कुलाबा का?

तेही कुलाबाच, पण वेगळं. अलिबागचा समुद्रातला किल्ला कुलाबा आणि त्यावरून जिल्ह्याचंही नाव कुलाबा. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचं रायगड झालं. जुन्या दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर तो मुंबईचा कुलाबा नव्हे. गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजणीचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, कारण शहरात येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने उपकरणांची मापं चुकली असती. हवामानाच्या बातम्यांत ‘कुलाबा’ येतं, ते मुंबईतलं.

१७. मुंबईत अशी आणखी कुठली स्टेशनं बंद झाली?

बॅलार्ड पियर वर आलंच. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी जिथून सुटली ते मूळ बोरीबंदर स्टेशन व्हिक्टोरिया टर्मिनस आल्यावर नाहीसं झालं. लोकांच्या बोलण्यात नाव मात्र टिकलं. अंधेरी ते ट्रॉम्बे असा एक फाटाही होता. १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद. आज अंधेरीहून चेंबूरकडे जाणाऱ्यांना त्या मार्गाची किंमत सगळ्यात जास्त कळेल.

१८. कुलाबा स्टेशनचे काही अवशेष बघायला मिळतात का?

इमारत नाही, फलाट नाही. बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची राहती वसाहत आहे. आत जाऊन शोधाशोध करू नका, तिथे राहणाऱ्यांना त्रास होतो. रस्त्यावरून पाहण्यासारखं एवढंच: चर्चगेटचे सरळ येऊन थांबलेले रूळ (प्रश्न ३), समोरचं मुख्यालय आणि ओव्हलच्या पूर्व कडेला उभं राहिल्यावर दिसणारी पश्चिमेची रांग. तिथून कूपरेजवरून बधवार पार्कपर्यंत पायी जा. सपाट, सोपी वाट आहे. साधारण त्याच दिशेने गाडी जायची.

१९. मेट्रोचं कफ परेड स्टेशन जुन्या जागी आहे का? रेल्वे परत आली असं म्हणायचं का?

मेट्रो ३ चा जुन्या बीबीसीआय मार्गाशी संबंध नाही. ती पूर्ण भुयारी आहे, वेगळ्या संस्थेची आहे आणि तिची आखणी वेगळी आहे. तिचा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. पण ट्राम सोडली तर चर्चगेटच्या पुढे दक्षिणेला रुळावरून प्रवास करायची सोय जवळजवळ ९५ वर्षांनी पुन्हा झाली, हे खरंच. १९३० मध्ये जमिनीवरची पट्टी सोडून दिल्यावर आता तेच अंतर जमिनीखालून, अवाढव्य खर्चाने जोडावं लागलं. उपनगरी लोकल पुन्हा कुलाब्याला नेणं आता शक्य दिसत नाही. मधे जागाच राहिलेली नाही.

२०. आजोबांच्या पेटीत जुना पास सापडला, त्यावर ‘कुलाबा’ आणि ‘बीबीसीआय’ असं छापलंय. किती जुना असेल?

कुलाब्यापासून किंवा कुलाब्यापर्यंतचं तिकीट वा पास असेल, तर तो १९३० च्या शेवटच्या दिवसापूर्वीचा. नुसतं ‘बीबीसीआय’ असेल, तर १९५१ पर्यंतचा असू शकतो, कारण त्या वर्षी पश्चिम रेल्वे झाली. शिक्का पुसट असेल तर भिंगाने आणि तिरप्या उजेडात पाहा. दुसरं स्टेशन बेलासिस रोड छापलेलं असेल तर तेही १९३० पर्यंतचंच (प्रश्न १२). लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. आणि दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून तो कोणाचा होता, ते कुठे कामाला होते, कुठून कुठे जायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यासोबत लिहून ठेवा. ती माहिती कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.